ठोकळ्यांवरची खाट

आठवा महिना संपत आला तसे नवऱ्याने आमच्या खाटेच्या चारही पायांखाली भाड्याने आणलेले ठोकळे सरकवले आणि अडीच वर्षांच्या थोरलीने भोकाड पसरलं. कालपर्यंत ती आपली आपण वर चढत होती. आज तिची हनुवटी जेमतेम गादीला लागत होती. नेदरलँड्समध्ये घरी बाळंतीण असेल तर तिची खाट जमिनीपासून 70 ते 80 सेंटिमीटर उंच लागते. मला वाटलं, टाके असताना उठबस सोपी जावी म्हणून असेल. पण बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या संस्थेकडून आधी घर बघायला आलेल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, ‘‘ही उंची तुमच्यासाठी नाही. तुमचं करायला जी येणार आहे, तिच्या कमरेसाठी आहे.’’

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. थोरली नाशिकला माहेरी झाली. तिला न्हाऊ घालताना आई पाटावर पाय लांब सोडून बसायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची आणि उठताना दाराची चौकट धरायची. महिनाभराने ती कमरेला पट्टा बांधून वावरू लागली. तिच्या कमरेचा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही.

यावेळी आम्ही आइंडहोवनमध्ये होतो. इथे काही गुंतागुंत नसेल तर गरोदरपणाच्या सगळ्या तपासण्या प्रशिक्षित सुईणीकडेच होतात. बाळंतपण सुरळीत झालं तर बाळंतीण काही तासांतच घरी येते. आम्हीही पहाटे दवाखान्यात गेलो आणि संध्याकाळी बाळाला घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली.

या व्यवस्थेला इथे ‘क्रामझॉर्ख’ म्हणतात. बाळंतिणीची आणि बाळाची काळजी घ्यायला शिकून तयार झालेली बाई साधारण आठ दिवस घरी येते. तिचे एकूण तास किमान 24 आणि जास्तीत जास्त 80 असू शकतात. खर्च मूळ आरोग्यविम्यातून होतो, आपल्याला तासाला पाच-सहा युरो भरावे लागतात. नावनोंदणी मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करायची, कारण या बायका कमी आणि घरं जास्त.

आमच्याकडे आलेली बाई पन्नाशीची होती. थोरलीला मी तिची ओळख ‘मावशी’ म्हणून करून दिली आणि तिनेही ते नाव लगेच उचललं. आल्या आल्या तिने हात धुतले आणि बाळाचा ताप पाहिला. 36.5 ते 37.5 अंशांच्या मध्ये असला तर ठीक. आकडा 36.3 होता. तिने धातूची बाटली काढली, गरम पाण्याने काठोकाठ भरली, टोपण घट्ट लावलं आणि बेसिनवर उलटी धरून चांगली हलवली. एक थेंबही गळत नाही हे बघूनच ती कापडी पिशवीत घातली. मग पाळण्यात, बाळापासून हातभर नाही पण वीतभर तरी लांब, टोपण पाळण्याच्या पायथ्याकडे येईल अशी ठेवली. नवऱ्याकडून हे सगळं दोनदा करून घेतलं, कारण रात्री ती असणार नव्हती. मला आमच्या घरची शेगडी आठवली. बाळाला ऊब हवी हे दोन्हीकडे ठाऊक आहे.

तिचं निम्मं काम बघण्याचं होतं. बाळाच्या नाकावर बोट किंचित दाबून ती त्वचा पिवळी दिसते का ते पाही. ओले लंगोट मोजी. शी काळी आहे की हिरवी-पिवळी व्हायला लागली ते वहीत लिही. बाळाचं वजन सुरुवातीला थोडं उतरतंच. उतार जन्मवजनाच्या दहा टक्क्यांकडे जाऊ लागला की सुईणीला कळवायचं. माझ्या पोटावर हात ठेवून गर्भाशय बेंबीखाली किती बोटं उतरलं ते ती रोज मोजायची. नाडी, ताप, टाके, सगळ्याची नोंद होई आणि सुईण घरी आली की आधी ती वही वाचे. शिवाय बाथरूम रोज धुतलेलं, कपडे मशीनला लावलेले आणि माझ्यापुढे ताट वाढलेलं.

थोरलीचा प्रश्न मात्र वहीत बसणारा नव्हता. मी बाळाला पाजायला घेतलं की ती खाटेजवळ यायची, गादीची कड धरून उभी राहायची आणि ‘‘मला वर घे’’ म्हणून रडायची. मला वाकून तिला उचलायची परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी मावशीने बाथरूममधला दोन पायऱ्यांचा स्टूल आणून खाटेला टेकवला. ‘‘ही तिची शिडी,’’ ती म्हणाली. एका खोक्यात दोन पुस्तकं आणि एक झुकझुकगाडी ठेवली. तो खोका फक्त दूध पाजायच्या वेळी उघडायचा. संध्याकाळपर्यंत बाळ रडलं की थोरलीच खोका घेऊन धावत यायला लागली.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली आणि मी कारण नसताना हमसून हमसून रडले. मावशी शेजारी बसली. डच भाषेत या रडण्याला स्वतंत्र शब्द आहे, ‘क्रामत्रानन’, बाळंतिणीचे अश्रू. तिसऱ्या दिवशी ते येतातच, असं तिने सांगितलं, पाठीवर हात ठेवला आणि त्या दिवशी भेटायला येणाऱ्यांना नवऱ्याकडून फोन करवून ‘आज नको’ म्हणून कळवलं. रडायला नाव आहे आणि दिवसही ठरलेला आहे, या एवढ्या गोष्टीने मला केवढा धीर आला!

चौथ्या दिवशी थोरलीने पाहुण्यांचा खाऊ केला. गोल कुरकुरीत टोस्टला लोणी लावायचं आणि वर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या बिया भुरभुरवायच्या. मुलगा झाला म्हणून निळ्या-पांढऱ्या. बीला चिकटलेलं बारीक देठ शेपटीसारखं दिसतं, म्हणून त्यांना ‘छोटे उंदीर’ म्हणतात. निम्मे उंदीर जमिनीवर पळाले. या बियांनी बाळंतिणीला दूध येतं असं इथल्या जुन्या बायका मानत. मी फोनवर सांगितलं तशी आई हसली. तिने माझ्यासाठी बाळंतशोपा भाजून, डब्यात भरून तयार ठेवल्या होत्या.

पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेला टोचायला दुसरी एक बाई घरी आली. एका कार्डावरच्या गोलांत रक्ताचे थेंब टिपले. त्यावरून पंचवीसहून अधिक दुर्मिळ आजारांची तपासणी होते. त्याच रात्री आईच्या सांगण्यावरून मी पाळण्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाईसाठी. बाळाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे जाणून घ्यायची माणसाची ओढ त्या कार्डातही होती आणि कागदातही. मला दोन्ही हवं होतं.

त्या जागरणात मला आपल्या भाषेतलं एक वाक्य सारखं आठवत होतं. ‘माझं बाळंतपण आईने केलं.’ बाळंत होते मुलगी, पण बाळंतपण करते तिचं करणारी. मराठीने हे काम किती नेमकं ओळखलं आहे! मात्र त्याचे तास आपण कधी मोजले नाहीत, त्याला शिक्षण लागतं असं मानलं नाही आणि करणारीची कंबर तर हिशेबातच धरली नाही. ते मायेचं म्हणून गृहीत धरलं. मावशीच्या हातातही माया होती. तिला पगार मिळत होता, तिची वेळ ठरलेली होती, तिच्या पाठीची काळजी घेतली जात होती. म्हणून ती माया तसूभरही कमी झाली नव्हती.

आठव्या दिवशी तिने वहीचं शेवटचं पान लिहिलं, बाळाचं वजन पुन्हा चढायला लागल्याची नोंद केली आणि थोरलीला कुशीत घेतलं. ‘‘ठोकळे आता परत करू शकता,’’ जाताना ती म्हणाली.

आम्ही ते परत केले नाहीत. दुकानात फोन करून मुदत वाढवून घेतली. चार दिवसांनी आई आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर, डिंकाचे लाडू आणि हळीव घेऊन. हातपाय धुऊन थेट बाळाकडे गेली आणि खाटेशी थबकली. ‘‘अगं, एवढी उंच खाट? पोरगी पडेल ना!’’

थोरली तोवर स्टुलावरून वर चढून बसलीसुद्धा होती. बाळ खाटेच्या मधोमध होतं. आईने उभ्या उभ्याच, न वाकता, त्याचं दुपटं सोडलं आणि तेलाची वाटी हातात घेतली.

‘‘ही उंची तुझ्यासाठी आहे आई,’’ मी म्हणाले.