सव्वाआठ फुटांची पायवाट

पावसाळा तोंडावर आला की ठाणे जिल्ह्यात मनाई आदेश निघतो. पूर्वी तो कलम 144 खाली निघायचा, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली निघतो. मुरबाडच्या यादीत सिद्धगड, गोरखगड, डोंगरन्हावे, पळू, खोपिवली, माळशेजचे धबधबे. शहापूरच्या यादीत माहुलीचा पायथा, भातसा, खर्डीजवळचा अशोका धबधबा, आजा पर्वत. या पाण्यात पोरं बुडाली आहेत, त्यांच्या आईबापांसमोर उभं राहून मी आदेशाला विरोध करणार नाही. पण धोक्याच्या ठिकाणांची म्हणून छापलेली ही यादी माझ्या तरुणपणी चालायच्या वाटांची यादी होती. ती वाचताना पोटात कालवतं.

त्यात 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटाला वळसा द्यायला जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा खणला गेला. शहापूर तालुका आता गाडीच्या काचेतून काही मिनिटांत मागे पडतो. एकीकडे इथून भरधाव पुढे जाण्याची सोय आणि दुसरीकडे इथे थांबण्याला मनाई, एवढ्यावरच या मुलखाची ओळख येऊन ठेपली, याचं मला मनापासून दुःख आहे.

इतिहास बहुतेकांना पाठ आहे. 1636 मध्ये शहाजीराजांनी मोगलांशी दिलेली शेवटची झुंज माहुलीवरची, 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड परत घेतला, नाणेघाटात नागनिकेचा लेख आणि जकातीचा रांजण. सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले; तिथे दरवर्षी पहाटे माणसं जमतात, ही एक गोष्ट मात्र अजून शाबूत आहे. पुढची चार दशकं डोंगरात भटकायला येणारे थोडे होते आणि त्यांचं गावाला अप्रूप होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी फार नाही.

मला सांगायचं आहे ते 1985 ते 1995 या वर्षांबद्दल.

तेव्हा मुरबाडच्या स्टँडजवळ तासावर सायकल मिळे. ओळख असली तर दिवसभरासाठीही मिळे. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी असा रस्ता, समोर नानाच्या अंगठ्याचा कडा, आणि उन्हं वर यायच्या आत मोरोशीच्या भैरवगडाची ती उभी भिंत दिसली पाहिजे हा हट्ट. रस्त्याला ट्रक होते, पण ट्रकवाला सायकलला जागा देई. दुसरी आवडती फेरी सरळगावहून किन्हवलीवरून शहापूरची. भाद्रपदात त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेलं असे, आणि चढावर सायकल हातात धरून चालताना त्याचा वास छातीभर घेता येई.

चालणं याहून मोठं. संध्याकाळच्या एसटीने म्हसामार्गे देहरीला उतरायचं, मंदिरात पथारी टाकायची, पहाटे गोरखगडाच्या कातळपायऱ्या चढायच्या. डोळखांबकडून डेहणे गाठायचं आणि आजोबा डोंगराच्या रानात वाल्मिकींच्या आश्रमात बसायचं. वर कड्यात सीतेचा पाळणा. आसनगावला लोकलमधून उतरून आग्रा रोड ओलांडला की माहुली गावापर्यंत बांधावरून पायवाट होती. सोबत वाटाड्या असे, बहुतेकदा ठाकर नाहीतर महादेव कोळी. तो आमच्यासाठी म्हणून डोंगरात येत नसे. त्याचं काम असे, कारवी आणायची असे, वरच्या पाड्यावर बहीण दिलेली असे. आम्ही त्याच्या मागून चालायचो. परतल्यावर त्याच्या पडवीत नाचणीची भाकरी आणि उडदाचं वरण. पैसे हातात ठेवले तर घरची बाई म्हणायची, "पोरांच्या हातावर ठेवा." त्या वाटा जिवंत होत्या कारण गावं त्यांवरून चालत होती. म्हशाच्या जत्रेला पौषात घाटावरची माणसं जनावरं घेऊन उतरत, विहिरीवर बाया जात, शाळेला पोरं जात. आमचे बूट त्यात नगण्य.

मग हे कसं मोडलं? काही जणांचा हिशेब मी अजून मिटवलेला नाही. पन्नास-साठ माणसांची बस आणणारे म्होरके आले. जेवण शहरातून, पाणी शहरातून, फक्त कचरा इथे. गावाला एक रुपया नाही आणि वाटाड्याची गरज नाही, कारण मोबाइलात नकाशा. दुसरे, डोंगराच्या कुशीत म्हणून जाहिरात करून प्लॉट विकणारे. त्यांनी भाताची खाचरं सपाट केली, तारा ओढल्या, फाटकं बसवली. ज्या बांधावरून आम्ही माहुली गाठायचो त्या बाजूला एका फाटकावर मला रखवालदाराने हटकलं, तेव्हा माझ्यामागे हंडे घेतलेल्या दोन बायाही थांबल्या होत्या. त्यांना लांबून वळसा घालावा लागला. मुंबईला जवळपास निम्मं पाणी देणारा भातसा ज्या तालुक्यात आहे, जिथे 1892 पासून तानसा भरतो, तिथल्या बायांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि विहिरीची वाटही विकली जाते. याचा मला राग आहे आणि तो राहील.

2009 मध्ये माळशेजला सोडलेला एक बिबट्या, गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा माग कळला, सुमारे 120 किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' नाव दिलं होतं. 2011 मध्ये महामार्गावर गाडीखाली तो मेला. त्या काळात त्याच्यावर बरंच लिहून आलं, सिनेमाही झाला. त्याच डोंगरांतून पायी फिरणाऱ्या माणसांच्या वाटा बुजत होत्या, त्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत.

इंग्लंडातही रानं जमीनदारांनी अडवली होती. 24 एप्रिल 1932 ला किंडर स्काउटच्या माळावर गिरणीकामगार पोरं मुद्दाम घुसली, पाच जण तुरुंगात गेले. 1949 च्या कायद्याने तिथल्या काउंटी कौन्सिलांवर पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी आली. शेत विकलं तरी त्यातून जाणारी नोंदलेली पायवाट राहते. म्हणून तिथल्या साध्या खेड्याभोवतीही पाटी वाचत दिवसभर चालता येतं.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणू नये. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. कुणी अडवला तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. ही रेषा तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि जमिनीवर तिच्यावरून तार गेली आहे. धबधब्यावर दारू पिऊन बुडणाऱ्याला अडवायला पोलीस उभा करता येतो, तर वाट दाखवणारा गावचा माणूसही उभा करता येईल, त्याला मजुरी देऊन, चालणाऱ्यांकडून नाममात्र शुल्क घेऊन. ज्या गावांत वाटाड्याशिवाय कुणी चढत नव्हतं तिथे अपघात क्वचित होत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी मागणी तीन वाटांपुरती आहे. आसनगाव ते माहुली गाव, डेहणे ते आजोबाचा आश्रम आणि वैशाखरे ते नाणेघाट. भूमी अभिलेखच्या मोजणीदाराने येत्या हिवाळ्यात या तीन रेषा जमिनीवर आखाव्यात, दगड रोवावेत, आणि जिथे तार आडवी येईल तिथे ती ग्रामसभेसमोर काढावी.