हरकत नागरिकांची, प्रश्न सभागृहाचा, उत्तर प्रशासनाचे

महाराष्ट्रातील महानगरपालिकांचा कारभार मुख्यतः दोन कायद्यांवर चालतो. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आहे आणि उर्वरित शहरांसाठी १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, जो आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. या दोन कायद्यांमध्ये एकसष्ट वर्षांचे अंतर असले, तरी दोहोंचा पाया एकच आहे : शहराचे धोरण आणि तिजोरी यांवर निवडून आलेल्या सभागृहाचा अधिकार राहील, परंतु त्या धोरणाची अंमलबजावणी करणारा आयुक्त राज्य सरकारने नेमलेला असेल. ज्याला लोकांनी निवडलेले नाही त्याच्या हाती कार्यकारी सत्ता आणि ज्यांना लोकांनी निवडले त्यांच्या हाती प्रश्न विचारण्याचा हक्क, अशी ही विभागणी असल्यामुळे प्रश्न, त्याला मिळणारे उत्तर आणि नागरिकांच्या हरकती या तीन गोष्टींवरच पालिकेतील लोकशाहीचा सारा भार येऊन पडतो, आणि त्यांतील एक दुवा जरी निखळला तरी उरते ती केवळ प्रशासनयंत्रणा.

ही रचना वादातून घडली. १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या पालिकेची कार्यकारी सत्ता एका आयुक्ताकडे सोपवली आणि पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारण्याचा असा सपाटा लावला की बाजार, रस्ते आणि गटारे उभी राहिली, पण तिजोरी रिकामी झाली. १८७१ मध्ये करदात्यांनी या खर्चाविरुद्ध मोठी चळवळ उभारली. त्या वेळी बहुतेकांचा रोख आयुक्तपदच मोडीत काढण्याकडे असताना तरुण फिरोजशहा मेहता यांनी वेगळी भूमिका घेतली. दोष कर्तबगार कार्यकारी अधिकाऱ्याचा नसून त्याच्यावर अंकुश ठेवणाऱ्या लोकनियुक्त सभेच्या अभावाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची सभा स्थापन केली, तिचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे होते, आणि आर्थिक देखरेखीसाठी त्यांतूनच बारा जणांचे एक छोटे मंडळ निर्माण झाले, जे आजच्या स्थायी समितीचे पूर्वरूप मानता येईल. १८८८ च्या कायद्याला आकार देण्यात मेहतांचा मोठा वाटा होता.

मात्र सभागृह असले म्हणजे प्रश्न विचारले जातातच असे नाही, हे पुण्याच्या नगरपालिकेत त्याच काळात दिसून आले. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे या नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीच्या निमित्ताने स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले, कारण करदात्यांचा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली आणि पुढे सुमारे तीन लाख रुपयांच्या नव्या बाजाराच्या इमारतीवरील खर्चालाही विरोध केला. तो बाजार १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उभा राहिला आणि पुढे त्यालाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. पराभूत मताचेही मोल असते ते अशा नोंदींमुळे, कारण ते मत इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत कामकाजाच्या लेखी वृत्तांतात, नोंदले गेले नसते तर तो विरोध पुढच्या पिढ्यांपर्यंत क्वचितच पोहोचला असता.

आजच्या सभागृहाचे कामकाज कार्यपत्रिकेने सुरू होते. कार्यपत्रिका म्हणजे सभेपुढे येणाऱ्या विषयांची आगाऊ पाठवलेली यादी, आणि तिच्यातील बहुतेक विषय आयुक्तांच्या प्रस्तावांच्या रूपाने आलेले असतात. सभासद प्रस्ताव मंजूर करू शकतात, त्याला उपसूचना देऊ शकतात, तो फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा दप्तरी दाखल करू शकतात. दप्तरी दाखल करणे म्हणजे त्यावर पुढे काहीही न करता कागद बंद करणे. आयुक्त सभेला उपस्थित राहू शकतात, बोलू शकतात, परंतु मत देऊ शकत नाहीत, आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश मतांनी त्यांना परत बोलावण्याची तरतूदही कायद्यात आहे. उलट बाजूस, सभागृहाचा एखादा ठराव बेकायदेशीर किंवा लोकहितविरोधी वाटल्यास राज्य सरकार तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. अर्थात ज्या सभागृहाला आयुक्त उत्तर देतात त्याच्या डोक्यावर आयुक्तांना नेमणारे सरकार बसलेले असते, आणि या एका गोष्टीमुळे प्रशासनाच्या उत्तरांचा सूर पुष्कळदा ठरतो.

मुंबईच्या कायद्यात या उत्तरांसाठी तीन वेगळी कलमे आहेत. ६६-अ खाली सभासद आयुक्तांना प्रश्न विचारू शकतो, ६६-ब खाली तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर चर्चा मागू शकतो आणि ६६-क खाली अशा विषयावर आयुक्तांचे निवेदन मागू शकतो. याशिवाय हरकतीचा मुद्दा आहे, म्हणजे कामकाज नियमाप्रमाणे चालत नसल्याबद्दल पीठासीन अधिकाऱ्यासमोर घेतलेला आक्षेप, जो मुंबईच्या सभागृहात व्यवहारात मात्र प्रभागातील तुंबलेली गटारे आणि खड्डे प्रशासनाच्या नजरेस आणण्याचे साधन बनला. हे साधन मूळ हेतूपासून दूर गेले असले तरी त्याला दोष देणे योग्य नाही, कारण सभासदाला त्याच दिवशी, भर सभेत, वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींसमोर अधिकाऱ्याचे उत्तर मिळवून देणारा तो मार्ग होता. लेखी प्रश्नाचे उत्तर अनेकदा महिन्यांनी येते आणि ‘प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ अशा वाक्यात त्याचा शेवट होतो. असे उत्तर नियमाला धरून असेल, पण ते उत्तर नव्हे.

या सर्व व्यवस्थेत सामान्य नागरिकाचे स्थान कोठे आहे? सभागृहाच्या सभा, बहुमताने वेगळे ठरवले नसल्यास, लोकांसाठी खुल्या असतात, म्हणजे नागरिक प्रेक्षक सज्जात बसून कामकाज पाहू शकतो. पण सभेत उठून बोलण्याचा त्याला अधिकार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ब्राउन कायद्याप्रमाणे नगरपरिषदेला आपल्या नियमित सभेत नागरिकांना थेट बोलण्याची संधी द्यावी लागते, आणि तेथे रहिवासी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे मांडतात. महाराष्ट्रातील कायद्याने नागरिकाचा आवाज कागदावर आणला. ठरावीक प्रसंगी प्रशासनाने जाहीर सूचना काढायची, ठरावीक मुदतीत नागरिकांनी लेखी हरकती आणि सूचना द्यायच्या, त्यांची सुनावणी व्हायची आणि मग निर्णय घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. हरकत म्हणजे प्रस्तावाला आक्षेप आणि सूचना म्हणजे त्यात सुचवलेला बदल.

या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी मुंबईच्या विकास आराखड्याने घेतली. विकास आराखडा म्हणजे पुढील वीस वर्षांत शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची, कोठे शाळा, मैदान, दवाखाना आणि रस्ता यांची आरक्षणे ठेवायची हे ठरवणारा दस्तऐवज, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तो अंतिम होण्यापूर्वी प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती मागवणे बंधनकारक आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील चुका पाहून शहर हादरले. वारसा इमारतींच्या नोंदी गळाल्या होत्या, प्रार्थनास्थळांवर भलतीच चिन्हे पडली होती, उभ्या इमारतींमधून रस्ते काढलेले होते आणि आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाची वाट मोकळी केली होती. सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या. वास्तुरचनाकार, इतिहासाचे अभ्यासक, मच्छीमारांच्या वसाहती, सोसायट्या आणि वस्त्यांमधील रहिवासी अशा परस्परांशी एरवी संबंध नसलेल्या लोकांनी एकाच कागदाचा अभ्यास केला. हमारा शहर मुंबई अभियानासारख्या व्यासपीठांनी वस्त्यांमधील लोकांना नकाशा वाचण्यास आणि हरकत लिहिण्यास मदत केली. आपली वस्ती नकाशावर दिसतच नाही हे ज्यांना पहिल्यांदाच कळले, त्यांनी त्या नकाशावर सही-शिक्क्यानिशी आक्षेप नोंदवला. या शहराच्या नागरी इतिहासात या घटनेला फार मोठे स्थान द्यावे लागेल. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, त्यावर सुमारे ८४ हजार हरकती व सूचना आल्या, नियोजन समितीने सुनावण्या घेतल्या, २०१७ मध्ये सभागृहाने आराखडा मंजूर केला आणि राज्य सरकारच्या मंजुरीनंतर तो १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

पुण्याचा अनुभव याहून कडू आहे. जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ या काळासाठीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या, नियोजन समितीने त्या ऐकल्या, परंतु समितीच्या सदस्यांतच एकमत झाले नाही आणि सभागृहाला मुदतीत निर्णय पूर्ण करता आला नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालील समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. ज्या सभागृहासमोर नागरिकांनी आपले म्हणणे मांडले होते, त्या सभागृहाचा शब्द अखेरचा राहिला नाही.

तिसरे उदाहरण आरेचे आहे. मुंबईच्या मेट्रो-३ मार्गाच्या कारशेडसाठी तेथील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. तरीही २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने, म्हणजे वृक्षतोडीच्या परवानग्या देणाऱ्या वैधानिक समितीने, २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडांचे पुनर्रोपण करण्यास मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. हरकतींच्या संख्येवर निर्णय व्हावा असे कोणी म्हणणार नाही, कारण हरकत म्हणजे मतदान नव्हे. परंतु हरकतीतील युक्तिवादाला सकारण उत्तर मिळणे हा तर तिचा किमान हक्क आहे. कायदा सुनावणीची हमी देतो, प्रत्येक हरकत का मान्य केली किंवा का फेटाळली हे त्या हरकतदाराला लेखी कळवण्याची हमी देत नाही, आणि संपूर्ण पद्धतीचा कच्चा भाग नेमका हाच आहे.

नागरिकाला वर्षभर जोडून ठेवणारी यंत्रणा कागदोपत्री तरी आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, आणि पुढे राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील मतदारांनी नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसण्याची, तरतूद आली. ग्रामसभेचा हा शहरी अवतार बहुतेक शहरांत भरलाच नाही. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले, ज्यात रहिवासी आपल्या भागातील पदपथ, दिवे किंवा बाके यांसारखी लहान कामे सुचवतात. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधून नव्वदच्या दशकात कचरा व्यवस्थापनाच्या निमित्ताने परिसर व्यवस्थापनाची चळवळ उभी राहिली. हे प्रयोग छोटे आहेत, पण ते टिकले, आणि शहरातील माणसाला सार्वजनिक कामात रस नसतो या सबबीला त्यांनी चोख उत्तर दिले आहे.

या पार्श्वभूमीवर २०२२ नंतरची चार वर्षे अधिक गंभीर ठरतात. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद आणि मुंबईतील प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ करण्याचे बदल, यांत निवडणुका अडकल्या. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक, म्हणजे सभागृहाचेही अधिकार वापरणारे अधिकारी, झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे संविधानाचे कलम २४३-यू सांगत असताना असे घडले. मुंबईत याआधी १९८४-८५ मध्ये प्रशासक आला होता, पण त्याचा काळ अल्प होता. या वेळी आयुक्त म्हणून मांडलेला प्रस्ताव प्रशासक म्हणून त्याच व्यक्तीने मंजूर करायचा, अशी स्थिती निर्माण झाली. मुंबईचा २०२३-२४ चा ५२,६१९ कोटींचा, २०२४-२५ चा ५९,९५४ कोटींचा आणि २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या प्रश्नाविना मंजूर झाला. नागरिकांकडून सूचना मागवल्या गेल्या, हरकतीही घेतल्या गेल्या, परंतु त्या सभागृहात मांडणारा आणि उत्तर मागणारा कोणी नव्हता. अनेक छोटी राज्ये ज्या रकमेत वर्ष काढतात, तेवढ्या रकमेचा कारभार असा चालणे हे लोकशाहीचे मोठे नुकसान होते आणि त्याची भरपाई आता कोणत्याही चौकशीने होणार नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि सभागृहे पुन्हा भरली. नव्या सभासदांनी पहिल्या वर्षातच दोन ठराव करावेत : प्रत्येक लेखी प्रश्न आणि त्याचे उत्तर मराठीत प्रसिद्ध व्हावे आणि हरकत फेटाळताना कारण कळवले जावे. वाचकांनीही जाहीर सूचनांकडे लक्ष ठेवावे, मुदतीच्या आत हरकत लिहून द्यावी, तिच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा, आणि उत्तर आले नाही तर तीच प्रत हाती घेऊन आपल्या नगरसेवकाला सभागृहात प्रश्न विचारायला लावावा.