हडपसरमधला बुलढाणेकर

२०२१चा मे महिना. लसीकरण केंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा लागत होत्या आणि तरुणांना कोविन या नोंदणीच्या संकेतस्थळावर वेळ मिळता मिळत नव्हती. अशात एका ऑनलाइन परिसंवादात सीरम इन्स्टिट्यूटचे कार्यकारी संचालक डॉ. सुरेश जाधव यांनी सरळ हिशेब मांडला. सुरुवातीचं उद्दिष्ट ३० कोटी माणसांचं, म्हणजे ६० कोटी मात्रांचं होतं. ते गाठण्याआधीच सरकारने आधी ४५ वर्षांवरच्या आणि मग १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली केली, आणि तीही साठा पुरणार नाही हे ठाऊक असताना. बातमी देशभर गाजली. कंपनीने लगोलग आरोग्य मंत्रालयाला लिहून कळवलं, की हे कंपनीचं मत नव्हे. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार फक्त मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला यांना आहे.

त्या बोलण्यात राजकारण शोधणाऱ्यांनी शोधलं. खरं तर ते कारखान्यातल्या माणसाचं गणित होतं. लस तयार व्हायला किती दिवस लागतात आणि तपासणीत किती जातात, याच्याशी चार दशकं झटलेल्या माणसाला मागणी-पुरवठ्याचं कोडं कुणी सोडवून दाखवायची गरज नव्हती.

जाधव मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले. नावामागे डॉक्टर असलं तरी ते नाडी पाहणारे नव्हेत. नागपूर विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकून त्यांनी पीएचडी केली. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं आणि १९७९ साली ते पुण्याला हडपसरच्या सीरममध्ये आले.

हा परळ ते हडपसर प्रवास एकट्या जाधवांचा नाही. १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा म्हणून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आलेल्या हाफकिनने लस आणि प्रतिविषं बनवणारी माणसं घडवली. १९३२ साली तिचे पहिले भारतीय संचालक झालेले साहिबसिंग सोखी हे वैद्यकाची पदवी घेतलेले लष्करी डॉक्टर. पण त्यांचं लक्ष होतं औषधं देशातच आणि सरकारी पैशाने बनवण्यावर. सायरस पूनावाला यांच्या घराण्याच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे याच हाफकिनला जात. घोड्याला विष थोडंथोडं टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्य तयार झालं की रक्त काढून ते वेगळं करायचं. घोडे आपले, तर सीरमही आपण का काढू नये, हा विचार करून १९६६ साली पूनावालांनी कंपनी काढली. घोडे होते, पण घोड्यांमधून औषध काढता येणारे लोक हाफकिनमधूनच यायचे होते.

लस बनवणं एक आणि ती जगाने विकत घ्यावी अशी बनवणं वेगळं. युनिसेफला लस पुरवायची तर जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता लागते. त्यासाठी प्रत्येक घाणा आधीच्या घाण्यासारखाच निघाला, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. शिवाय देशाची औषध नियंत्रण यंत्रणाही त्या संघटनेच्या कसोटीला उतरावी लागते. हे कष्टाचं, कंटाळवाणं आणि प्रसिद्धी न देणारं काम. जाधवांची कारकीर्द बरीचशी यातच गेली. विकसनशील देशांतल्या लस उत्पादकांच्या जागतिक संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं.

या कामाचा कस लागला तो आफ्रिकेत. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'अ' गटाचा मेंदूज्वर दर काही वर्षांनी उसळायचा; १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. जुनी लस जंतूच्या साखरेच्या आवरणापासून बनवलेली होती, आणि लहान मुलांच्या शरीराला नुसती साखर ध्यानात राहत नाही. त्या साखरेला धनुर्वाताच्या जंतूपासून मिळालेलं प्रथिन जोडलं की शरीर ती ओळखतं. तंत्र माहीत होतं, पण मात्रा ५० सेंटच्या आत हवी, अशी आफ्रिकी देशांची अट होती. तेव्हाच्या दराने जेमतेम २३ रुपये! बड्या कंपन्यांना या किमतीत रस नव्हता.

२००१ साली अशी स्वस्त लस बनवण्यासाठी बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने ७ कोटी डॉलर दिले. पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या या प्रकल्पाचे प्रमुख होते मार्क लाफोर्स, म्हणजे अस्सल वैद्यकातले डॉक्टर. साखर नेदरलँड्समधून आणायची, जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतून घ्यायचं आणि धनुर्वाताचं प्रथिन पुण्यात बनवून सगळं सीरममध्ये एकत्र करायचं, असं ठरलं. लाफोर्स आणि सीरमचे प्रसाद कुलकर्णी यांच्याबरोबर जाधवांनी या तंत्र हस्तांतरावर शोधनिबंधही लिहिला. पुढे लाफोर्स सीरममध्येच रुजू झाले. अमेरिकी डॉक्टराने पुण्याच्या कंपनीत नोकरी धरावी, हा उलटा प्रवासही नोंदवण्याजोगा.

डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. २०१२ साली या लसीला ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस ठेवण्याची परवानगी मिळाली. अशी मुभा मिळालेली ती पहिलीच लस. उन्हाळ्यात बर्फाच्या डब्याचं ओझं घेऊन खेड्यांत फिरणाऱ्या आपल्याकडच्या आरोग्यसेविकांना या सवलतीचं मोल न सांगता कळेल. २०१७नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा रुग्ण आढळलेला नाही.

सीरमच्या कोव्हिशील्ड या कोविडवरच्या लसीच्या वेळी जाधव सत्तरी ओलांडलेले होते. ८ डिसेंबर २०२१ रोजी वयाच्या ७२व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मेंदूज्वराच्या 'अ' गटाशिवाय इतर गट मात्र आफ्रिकेत धुमसत होतेच. 'अ'सह पाच गटांवर चालणारी सीरमची पुढची लस पाथच्या मदतीने तयार झाली, २०२३ साली तिला पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ साली ती आपल्या लसीकरणात आणणारा पहिला देश ठरला नायजेरिया.