झेंडूच्या वाटेने घरी

मेक्सिकोतल्या मृतांच्या सणामागची समजूत अशी की १ नोव्हेंबरला गेलेली लेकरं घरी येतात आणि २ नोव्हेंबरला मोठी माणसं. त्यांना वाट सापडावी म्हणून दारापासून ‘ओफ्रेंदा’पर्यंत, म्हणजे घरात मांडलेल्या वेदीपर्यंत, झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. झेंडू मूळचा तिथलाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो आला दूरवरून. वेदीवर फोटो, मेणबत्त्या, कोपालचा धूप, मीठ आणि एक पेला पाणी. लांबून आलेल्याला तहान लागणारच! शिवाय त्या माणसाच्या आवडीचं जेवण आणि ‘पान दे मुएर्तो’ हा गोडसर पाव. त्यावर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या असतात.

या सणाची मेक्सिको सिटीतली भव्य मिरवणूक २०१६ पासूनची; जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’ चित्रपटातल्या दृश्यावरून ती सुचली. ती जरूर पाहा, पण एवढ्यावर परतू नका. खरा सण दफनभूमीत आहे. शहराच्याच आग्नेय टोकाला असलेल्या सान आंद्रेस मिश्किकमध्ये २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कबरी मेणबत्त्यांनी उजळतात. मिचोआकान राज्यात पात्स्कुआरो सरोवराकाठी मूळनिवासी पुरेपेचा कुटुंबं १ तारखेची अख्खी रात्र कबरीपाशी जागून काढतात.

तिथे आपण कुणाच्या तरी आईच्या, बाळाच्या उशाशी उभे असतो. आवाज हळू ठेवा, कबरींवरून पाय टाकू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, फ्लॅश तर नकोच. कुणी पाव पुढे केला तर घ्या. पात्स्कुआरोत राहायची सोय मात्र काही महिने आधीच करा.