शाळांची तुलना कशी करावी?

नवा रायपूर हे छत्तीसगढच्या राजधानीसाठी आखून वसवलेले शहर आहे. २०१२ मध्ये राज्याचे मंत्रालय येथे आले. रुंद रस्ते आणि सेक्टर उभे राहिले. राखी, उपरवारा यांसारखी मूळची गावेही त्यांच्याच सोबतीने राहिली. अशा ठिकाणी कामासाठी आलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो मुलाला कोणत्या शाळेत घालावे हा.

सरकारी शाळाही सर्व एकाच प्रकारच्या नसतात. गावातील शासकीय शाळा येईल त्या मुलाला घेते. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत प्रवेशपरीक्षा घेताच येत नाही. केंद्रीय विद्यालयात बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असतो. २०२० पासून राज्यात स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यमाच्या शासकीय शाळा सुरू झाल्या; तेथे जागांपेक्षा अर्ज अधिक आले की सोडत काढली जाते. ज्या शाळेत घरी शिकवणारे कोणी नसलेली मुले येतात आणि ज्या शाळेत नोकरदारांची मुले येतात, त्या दोन शाळांचे निकाल शेजारी शेजारी मांडून कोणती शाळा अधिक चांगली शिकवते हे ठरवता येत नाही.

निकालाची टक्केवारी तर फारच फसवी असते. समजा, दोन शाळांच्या नववीत प्रत्येकी ८० विद्यार्थी होते. पहिल्या शाळेतून दहावीच्या परीक्षेला ४० जण बसले व ३६ उत्तीर्ण झाले. निकाल ९० टक्के! दुसऱ्या शाळेतून ७५ जण बसले व ६० उत्तीर्ण झाले. निकाल ८० टक्के. फलकावर पहिली शाळा वरचढ दिसते. परंतु नववीतील ८० विद्यार्थ्यांपासून हिशेब केला, तर पहिली शाळा ४५ टक्के मुलांना आणि दुसरी ७५ टक्के मुलांना दहावीच्या पार नेते.

म्हणून पालकांनी इमारतीच्या रंगापेक्षा शिक्षकांची संख्या आधी विचारावी. २०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि ग्रंथालय हवे. ग्रंथालयाचे कपाट आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. पुस्तके मुलांच्या हाती जातात का, हे पाहावे लागते. शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे असे प्रश्न विचारणारा पालक परका ठरत नाही.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: मागील वर्षी नववीत असलेली, पण यंदा दहावीच्या वर्गात नसलेली मुले कोठे गेली? काही नापास होऊन मागे राहिली असतील, काहींनी गाव सोडले असेल. शाळा लांब पडते म्हणून एखादी मुलगी घरी बसली असेल, एखादा मुलगा बांधकामावर जात असेल. वरच्या उदाहरणातील पहिल्या शाळेत अशी ४० मुले आहेत. निकालाच्या फलकावर त्यांची नावे कोठेच नसतात.