कोयनेच्या विजेचा पुरा हिशेब

महिन्याचं वीजबिल हाती आलं की आपण आकडा पाहतो आणि 'फार आलं' म्हणून कुरकुरतो. पण विजेची काही किंमत अशी असते, की ती कोणत्याच बिलात छापली जात नाही. कोयना धरण हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदी अडवलेली आहे. धरणाची उंची १०३ मीटर आणि साठा सुमारे १०५ टीएमसी. कोयना मूळची पूर्वेला वाहणारी, कराडला कृष्णेला मिळणारी. पण पूर्वेकडचा उतार अगदी सौम्य. पश्चिमेला मात्र सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात उतरतो. म्हणून शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पावणेपाचशे मीटर खाली सोडलं. तेच पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवून दुसऱ्यांदा वीज केली जाते. असे टप्पे वाढत वाढत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट झाली.

फायदा मोठा आहे, यात शंका नाही. कोळसा जळत नाही, धूर नाही, राख नाही. औष्णिक संच तापायला तास लागतात. कोयनेचा संच मात्र काही मिनिटांत सुरू होतो. संध्याकाळी सगळ्या राज्यात एकदम दिवे लागतात, तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते. मुंबई आणि परिसरातील कारखानदारीला कोयनेनं मोठा आधार दिला.

आता खर्चाची बाजू पाहू. जलाशयासाठी शंभराच्या आसपास गावांना झळ बसली आणि हजारो कुटुंबं उठली. कुणी सांगली-सोलापूरला गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. ही माणसं त्याच्या कितीतरी आधी उठलेली. शिवाय एक अडचण अशी, की सिंचनाच्या धरणाला लाभक्षेत्र असतं. ज्यांच्या शेतात पाणी येतं, त्यांच्याकडून थोडी जमीन घेऊन ती धरणग्रस्तांना देता येते. विजेचा लाभ तारेवरून राज्यभर जातो. मग जमीन कोणाकडून घ्यायची? लाभ सगळ्यांचा, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही, असं झालं. २०१८ साली कोयनानगरला प्रकल्पग्रस्त आंदोलनाला बसले, ते याच थकलेल्या बाकीसाठी.

दुसरा खर्च जमिनीखालचा. जलाशय भरू लागल्यावर परिसरात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, धरणाला भेगा पडल्या, मुंबईचा वीजपुरवठाही खंडित झाला. पाण्याचं वजन आणि खडकांच्या भेगांत झिरपणारं पाणी यांमुळे आधीच ताणलेला खडक घसरतो, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. धरण पुढे भक्कम करण्यात आलं. धक्के मात्र अधूनमधून अजूनही बसतात.

तिसरा खर्च पाण्याचा. कृष्णा लवादाच्या निवाड्यानुसार वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवता येतं. वीज देऊन ते वाशिष्ठीतून शेवटी समुद्राला मिळतं. इकडे पूर्वेला दुष्काळी पट्टा टाकारी-म्हैसाळच्या उपसा योजनांकडे डोळे लावून असतो. पाऊस कमी झाला की वीज की शेती, हा प्रश्न दर वेळी नव्यानं उभा राहतो.

मग धरण बांधायलाच नको होतं का? तसा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि ते बरोबर नाही. कोयनेची वीज नसती, तर तेवढा कोळसा जळला असता आणि त्याची राख दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात पडली असती. प्रश्न हिशेबाचा आहे. पुनर्वसनाचा पुरता खर्च आरंभीच प्रकल्पाच्या खर्चात धरला असता आणि तो प्रत्येक युनिटवर थोडा थोडा वसूल केला असता, तर ग्राहकाला तो फारसा जाणवलाही नसता.

हे आज सांगायचं कारण, सह्याद्रीत आता उदंचन प्रकल्पांचे प्रस्ताव येत आहेत. म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची. त्यांनाही तलाव लागणार, जमीन लागणार, जंगल लागणार. तेव्हा किती मेगावॅट, हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा. कोण उठणार, आणि त्यांची जमीन पाणी भरण्याआधी ठरली आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)