होडीतील जमीन

वाऱ्याने फुगलेले शीड, उंच डोलकाठी आणि पाणी कापत जाणारी नाळ हे शिडाच्या होडीचे रूप दुरूनही नजरेत भरते. होडीतील माणूस ज्यावर पाय रोवून उभा असतो, त्या भागाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. होडीच्या तळावर अंथरलेल्या लाकडी फळ्या हा तो भाग होय. सोयीसाठी त्यांना तळफळ्या म्हणता येईल. घरातील जमीन एकदा केली की कायमची असते. होडीतील ही जमीन उचलता येण्यासाठीच केलेली असते. असे का, हे समजले की ती कशी बनवावी हेही आपोआप उलगडत जाते.

लाकडी होडीचा तळ सपाट नसतो. मधोमध लांबवर गेलेला कणा, कण्यापासून दोन्ही बाजूंना वर वळलेल्या फासळ्या आणि फासळ्यांवर बाहेरून ठोकलेल्या फळ्या अशी तिची रचना असते. बाहेरच्या या फळ्या हलक्या व पातळ असतात. दोन फासळ्यांच्या मधल्या जागेत कोणी जोराने पाय दिला किंवा नांगर आदळला, तर फळीला चीर पडते अथवा तिचा सांधा उकलतो. तळफळ्या फासळ्यांवर टेकलेल्या असतात. त्यामुळे माणसाचा आणि सामानाचा भार पातळ फळीवर न पडता अनेक फासळ्यांत वाटला जातो.

दुसरे कारण पाण्याचे आहे. लाटांचे तुषार, पाऊस आणि सांध्यांतून झिरपणारे थेंब यांमुळे होडीत थोडेफार पाणी साचतेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम वजन. वीस लिटर पाणी साचले, तर वीस किलोग्रॅमचे ओझे होडीत आले आणि तेही एका जागी न राहणारे! वाऱ्याने होडी एका बाजूला कलली की हे पाणी त्याच बाजूला धावते व तिला अधिकच कलवते. म्हणून साचलेले पाणी वेळच्या वेळी उपसावे लागते. फासळ्यांच्या तळाशी, कण्यालगत लहान भोके ठेवलेली असतात. त्यांतून पाणी सर्वांत खोल जागी गोळा होते. मातीने वा चिंध्यांनी ही भोके बुजली, तर पाणी जागोजागी अडून राहते. त्यातही पावसाचे गोडे पाणी अधिक घातक असते, कारण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात सहज वाढते. तळफळ्या कायमच्या ठोकून टाकल्या, तर त्यांच्याखाली चाललेला हा नाश कोणाला दिसतच नाही.

तळफळ्यांसाठी लाकूड निवडताना सागवानाला प्रथम पसंती मिळते. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्याला आणि किडीला चांगली दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. यावरून सागाच्या टिकाऊपणाची कल्पना येते. मात्र लाकूड चांगले वाळलेले व गाभ्याचे असावे. सालीजवळचे फिकट लाकूड लवकर कुजते.

कामाची सुरुवात मापाने होते. होडीच्या दोन्ही टोकांमध्ये मधोमध एक दोरी ताणून बांधतात. प्रत्येक फासळीपाशी त्या दोरीपासून डाव्या आणि उजव्या बाजूचे अंतर वेगवेगळे मोजतात. दोन्ही बाजू सारख्याच असतील, असे गृहीत धरता येत नाही. हाताने बांधलेल्या होडीत बोटभर फरक सहज आढळतो. ही मापे जाड पुठ्ठ्यावर उतरवून नमुना कापावा आणि तो होडीत ठेवून पाहावा. जिथे तो काठाला अडतो तिथे कर्कटाने वळण आखून घ्यावे. पुठ्ठ्यावरील चूक सुधारायला खर्च येत नाही. सागाची फळी चुकीची कापली, तर मोठेच नुकसान होते.

संपूर्ण जमीन एकसंध न करता तिचे तीन-चार भाग करतात. प्रत्येक भाग एका माणसाला उचलता आला पाहिजे आणि बसायच्या आडव्या फळ्यांमधील जागेतून बाहेरही काढता आला पाहिजे. हा विचार आधी केला नाही, तर सुबक बनवलेला भाग होडीत घालताच येत नाही.

फळ्यांची रुंदी सात-आठ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे बारा मिलिमीटर पुरते. फासळ्या एकमेकींपासून दूर असतील, तर जाडी वाढवावी लागते. लाकूड भिजले की फुगते. ही वाढ लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत मात्र जाणवते. आठ सेंटिमीटर रुंदीची फळी दोन मिलिमीटरने सहज फुगू शकते. म्हणून दोन फळ्यांमध्ये सात-आठ मिलिमीटरची फट ठेवतात. याच फटींतून वरचे पाणी खाली निघून जाते. फट नसेल, तर फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटतात आणि वर उचलल्या जातात.

फळ्या जोडण्यासाठी खालून आडव्या पट्ट्या लावतात. या पट्ट्या फासळ्यांवर न येता फासळ्यांना लागून, त्यांच्या मधल्या जागेत बसल्या पाहिजेत. मग फळ्या फासळ्यांवर नीट टेकतात आणि तो भाग पुढे-मागे सरकत नाही. फळी बारा आणि पट्टी अठरा मिलिमीटर जाड असेल, तर पंचवीस मिलिमीटरचा स्क्रू योग्य ठरतो. त्याचे टोक खाली बाहेर येत नाही. आधी भोक पाडून मगच स्क्रू पिळावा आणि त्याचे डोके फळीत किंचित बुडवावे, म्हणजे अनवाणी पायाला ते लागत नाही. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात. गंज फुगतो आणि लाकूड फोडतो. त्यासाठी कांशाचे किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

शेवटी फळ्यांच्या कडा रंध्याने गोल करतात. वरून चकचकीत वॉर्निश देणे टाळावे, कारण ओल्या वॉर्निशवर पाय घसरतो. जवसाचे तेल दोन्ही बाजूंना सारखे लावावे. एकाच बाजूला लावल्यास फळी वाकण्याचा संभव असतो. फळीची कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात. त्यांना तेल पुन्हा पुन्हा पाजावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवला, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

प्रत्येक भागाला बोट घालून उचलण्यासाठी एक भोक ठेवतात आणि तो जागेवर राहावा म्हणून लाकडी फिरकी बसवतात. होडी उलटलीच, तर मोकळ्या फळ्या पाण्यात तरंगत माणसांना लागू नयेत, हा त्यामागील हेतू असतो.

काम झाल्यावर नाळेजवळ बादलीभर पाणी ओतून पाहावे. ते फटींतून खाली उतरले आणि न अडता खोल जागी पोहोचले, तर तळफळ्या नीट बसल्या असे समजावे. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. लाकडी होडी अशी विसावते, तेव्हा तळफळ्या काढून धुवाव्यात, वाळवाव्यात आणि खालचा तळ निरखून पाहावा. कुठे लाकूड मऊ झाले आहे, कुठला सांधा सुटतो आहे, हे त्याच वेळी कळते. किनाऱ्यावर सापडलेली चीर काही तासांत दुरुस्त होते. तीच चीर भर समुद्रात उघडली, तर होडीतील माणसांच्या जिवावर बेतते.